अंजिरं भरलेलं यकृत

शब्दकोशाच्या कचेरीत एक रीत होती. शब्दाचं टिपण पुरं झालं की लिहिणाऱ्याने उभं राहून ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. त्या दिवशी पाळी ताईंची होती. शब्दांची मुळं खणता खणता पाठीतून वाकलेल्या ताई टेबलाचा आधार घेत उठल्या. शब्द होता यकृत.

"लॅटिनमध्ये यकृताला 'येकुर' म्हणत," त्या थकल्या आवाजात वाचू लागल्या. "पण हंसाला अंजिरं चारून त्याचं यकृत फुगवायचं नि चवीनं खायचं, असा रोमन लोकांचा शौक. त्याला म्हणत 'येकुर फिकातुम', अंजिरं भरलेलं यकृत. पुढे बोलण्यातून यकृत गळलं, नुसती अंजिरं उरली. त्यातूनच इटालियनमध्ये फेगातो, फ्रेंचमध्ये फ्वा, स्पॅनिशमध्ये इगादो. माणसाच्या यकृतालाही तिथे आता हेच म्हणतात."

"हंसाची चंगळ होती म्हणायची!" संपादक हसले.

"चंगळ कसली डोंबलाची?" ताई फणकारल्या. "त्याला कुणी विचारलं होतं?"

ताईंचं आज काय बिनसलंय, ते कुणाला कळेना.

कळणार कसं? घरचं दुखणं ताईंनी कचेरीत कधी आणलंच नव्हतं. धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं होतं आणि ताईंच्या यकृताचा तुकडा जुळत होता. डॉक्टरांनी ताईंना विचारलं, तर त्यांनी तोंड उघडायच्या आत भावजयच "हो, हो" म्हणून मोकळी झाली. तेव्हापासून दूध, अंडी, सुका मेवा यांचा नुसता मारा. "वन्सं, खा हो, अंगात रक्त नको का?" बिनलग्नाची बहीण, तिचं काय अडलंय, असं सगळ्यांनी परस्पर धरलेलं. ताईंना घास गोड लागेना.

संध्याकाळी त्या इस्पितळात गेल्या, त्या नकार द्यायचाच असं ठरवून. भाऊ हळदीसारखा पिवळा पडला होता. भावजयीने डबा उघडायला घेतला, तसा तो म्हणाला, "तू जरा बाहेर थांब." ती गेल्यावर तो ताईंकडे वळला.

"ताई, देशील का गं? नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. खरंच."

ताईंनी स्टूल ओढून खाटेजवळ घेतलं. महिनाभर याच प्रश्नासाठी त्या आतल्या आत जळफळत होत्या. आता तो विचारला गेला, राग ओसरला आणि त्याच्याखाली दडलेली भीती वर आली. भावाने त्यांचा हात धरला.

"देते रे," त्या म्हणाल्या. "पण मला फार भीती वाटतेय."

"मग नको," तो म्हणाला. हात मात्र त्याने सोडला नाही.