बीजेचा चंद्र आणि कुसुमचं झबलं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली. बारामतीत माझा फोटोस्टुडिओ होता. काचेच्या प्लेटवर 'भूत' कसं उमटतं हे मला पक्कं ठाऊक — एकाच प्लेटवर चुकून दोन फोटो घेतले की झालं. म्हणूनच हे सांगताना माझी मलाच चीड येते.

पस्तीस सालच्या आसपासची गोष्ट. कालव्यावरच्या एका साहेबाने बदली झाल्यावर मला त्याची पितळी दुर्बीण विकली. तिच्यामागे कॅमेरा बसवून चंद्राचे फोटो काढायचं मला वेडच लागलं. बीजेची कोर हवी होती, म्हणून सणसरला धाकट्या बहिणीकडे, गंगूकडे गेलो. तिच्या अंगणातून पश्चिम अगदी मोकळी. तिची दोन वर्षांची कुसुम तेव्हा तापाने फणफणली होती.

दिवस मावळला, कोर दिसली. गंगू कुसुमला खांद्यावर घेऊन बाहेर आली. बीजेच्या चंद्राला आपल्या कपड्याची दशी वाहून 'जुनं घे, नवं दे' म्हणायची आमच्याकडे रीत. गंगूने दोरा ओढला तो कुसुमच्या झबल्याचा.

"अगं, आपल्या लुगड्याची काढायची असते," मी हसून म्हणालो.

"असू दे, दादा. तिचं जुनं दुखनं हाय, ते जाऊ दे त्याच्यासंगं."

मी फोटो घेतला. बारामतीला येऊन प्लेट धुतली तर... चंद्र नव्हताच. प्लेटभर कापडाची वीण. कुसुमचं चौकटीचं झबलं, दोरा न् दोरा स्पष्ट, आणि मधला एक गायब. अहो, फोकस मी स्वतः केला होता. कोर डोळ्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या संध्याकाळी स्टुडिओच्या माडीवरून नव्या डब्यातली प्लेट वापरली. पुन्हा झबलंच, आणखी दोरे गेलेलं. तिसऱ्या दिवशी त्याहून विरलेलं. सणसरहून निरोप येत होते — पोर खात नाही, डोळे उघडत नाही. डॉक्टरांना टांग्यात घालून नेलं. "उतरेल ताप, घाबरू नका," म्हणाले. गंगूला मी काय सांगणार होतो? तू ओढलेला दोरा अजून निघतोच आहे, असं?

एक संध्याकाळ फोटो काढलाच नाही. म्हटलं, बघायचंच नाही. पुढच्या प्लेटवर दोन दिवसांचं विरणं एकदम दिसलं. काय करावं, कुणाचे पाय धरावे, काही सुचेना. नुसतं बघत बसायचं, एवढंच माझ्या हातात होतं.

आणि मग प्लेटवर चंद्र आला. स्वच्छ. डोंगर, खड्डे, सगळं लख्ख. इतका सुंदर फोटो मला कधी साधला नव्हता. ती ओली काच हातात धरून मी ढसाढसा रडलो.

उजाडताच सायकलवर सणसर गाठलं. दाजी, गंगूचे यजमान, ओट्यावर डोकं धरून बसले होते. आतून गंगूचा हंबरडा ऐकू येत होता. मला बघताच दाजी उठले.

"पावनं, आत्ताच गेली पोर... आमी अजून कुनाला धाडलंबी न्हाय. तुमाला कुनी सांगितलं?"

त्या प्लेटा नंतर जाणकारांना दाखवल्या. कुणालाच उलगडा झाला नाही, मलाही नाही. दाजींना त्या दिवशी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.