पुसलासा न्हवं?

या पृथ्वीतलावर माणसाला भिण्यासारख्या जेवढ्या म्हणून गोष्टी आहेत, त्या सगळ्यांना आमचे मामा एकेकदा भिऊन झाले होते आणि आता त्यांची दुसरी फेरी चालू होती. मामा म्हणजे काही माझ्या आईचे भाऊ नव्हेत. कोल्हापूरजवळच्या ज्या डेअरीत मी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथले ते शिरोळ भागातल्या दूध संकलनाचे सुपरवायझर. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. फिरत्या पंख्याखाली ते कधी बसत नसत, कारण पंखा हा "कवातरी पडायच्या बोलीवरच टांगल्याला असतोय." मोटरसायकलवरचं हेल्मेट ते कँटीनमध्येही उतरवत नसत, काच वर करून बशीतला चहा फुर्रकन ओढायचा आणि काच पुन्हा खाली. स्विच दाबायचा तर पायात चप्पल आहे का ते दोनदा बघत. आणि याच माणसानं बिथरलेल्या रेड्याला नुसतं "ए, गप!" म्हणून गोठ्यात परत धाडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. कृष्णेला पूर आला की नावेत दुधाच्या किटल्या घालून पहिले तेच पलीकडे जायचे. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "रेडा आनि पानी समोरनं येतंय की! भ्या वाटतंय ते न दिसनाऱ्याचं."

आणि ते न दिसणारं नेमकं माझ्याच हातून त्यांच्या खिशात गेलं. डेअरीनं फिरतीवरच्या सगळ्यांना स्मार्टफोन द्यायचं ठरवलं आणि ते ताब्यात ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. फोनमध्ये ठरलेली चारच अ‍ॅप्स, कुठला फोन कुठे आहे ते माझ्या पडद्यावरच्या नकाशावर, आणि फोन हरवला तर त्यातलं सगळं दुरून साफ करायची सोय. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मी ऐटीत सांगितलं, "याला मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट म्हणायचं." मामा पंखा चुकवून भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "मॅनेज? म्हंजे आधीच ठरल्याल्या कुस्तीगत?" हॉल हसला. मी जरा चिडलोच, आणि शुद्ध मराठीत म्हणालो, "फोन हरवला तर भिऊ नका. मला कळवा. मी इथं बसून तो पुसतो." मामांचा चेहरा उतरला. "समदं पुसता येतंय?" "सगळं," मी म्हणालो, "केव्हाही." त्या दिवशी मामा चहा न पिता गेले.

त्यानंतर त्यांनी त्या फोनशी जो संसार मांडला तो बघण्यासारखा होता. फोनला ते 'पावणं' म्हणत. अनोळखी माणूस घरात राहायला आला की आपण जसे जपून बोलतो, तसे ते त्याच्यासमोर बोलत. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. दुधाच्या भावावरून कुणी कुरकुरलं की फोनकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगत, "आमचं मालक म्हंजे देवमानूस हाय!" आणि गाडीवर निघताना फोन टॉवेलात गुंडाळून रिकाम्या किटलीत ठेवत आणि वर झाकण दाबून बसवत. त्या पत्र्यातून रेंज कसली जाते? माझ्या नकाशावर मामा सकाळी घरी दिसत आणि मग दुपारपर्यंत त्यांचा पत्ताच नसे. मी रागावलो तर ओठांवर बोट ठेवून, इंजिनिअरचा 'विंजनेर' करून म्हणत, "हळू बोला, विंजनेर. पावणं निजल्यात."

एकदा मी एका संकलन केंद्रावर गेलो, तेव्हा मामा गोठ्यामागे उभे राहून, हेल्मेट घालूनच, फोनशी कुजबुजत होते. मला पाहताच थांबले आणि घाईनं फोन किटलीत घातला. माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या डेअरीशी संधान तर नाही? खोटं कशाला बोलू, तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो.

मग एका दुपारी कुणाच्या तरी फोनवरून त्यांचा आवाज आला. "विंजनेर, पावणं गावंना झालंय! कुठं ठिवलं तेच आठवंना. तुमी लगीच पुसा."

"नक्की पुसू, मामा?"

"पुसा की! त्याच्याबिगर माझं काय खरं न्हाय."

मी हुकूम सोडला. फोन रेंजमध्ये नव्हता, म्हणून तो हुकूम वाट बघत राहिला.

दुसऱ्या सकाळी मामा हसत आले. "पुसलासा न्हवं? तवाच गावला बघा! किटलीतच हुता. झाकान काढलं, तर कसा उजळला! पन आता कायबी बोलंना. उलटं मलाच इचारतोय, भाषा कुठली पायजे."

मामांच्या आजोळच्या बोलीत पुसणं म्हणजे विचारणं, हे मला तेव्हा कळलं. त्यांना वाटलं होतं, मी फोनला दुरून विचारतो आणि तो खरं खरं सांगतो. झाकण निघताच रेंज आली, माझा हुकूम पोचला आणि फोन कोरा झाला, हे मी त्यांना सांगितलं. मामा खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"त्यात माझं समदं हुतं हो," ते म्हणाले. "नावं सुटाय लागल्यात. कुनाचं घर कुठलं, कुनाची म्हस कुठली, कुठल्या वळनावर वळायचं. म्हनून त्याच्या कानात बोलून ठिवत हुतो. आनि म्हनूनच किटलीत कोंडत हुतो. तुमी पुसलासा आनि त्यो बोलला तर? हापिसाला कळंल की, म्हातारा इसरतोय."

मला माझीच लाज वाटली. त्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती सोय मीच बंद केली होती, नियम म्हणून. मग रजा टाकून आठवडाभर मी मामांच्या गाडीवर मागे बसून फिरलो. प्रत्येक केंद्रावर माणसं एकेक करून फोनपुढे आली. एक बाई ओरडून म्हणाली, "मामा, मी चिंचंजवळच्या घरातली थोरली सून! माझी म्हस वाकड्या शिंगाची! न्हाय आठवलं तर परत सांगीन, त्यात काय!" ही गोष्ट त्यांच्यापैकी कुणी ऑफिसपर्यंत पोचू दिली नाही. मामांच्या फोनची दुसरी प्रत मी गुपचूप ठेवायला लागलो. त्यावर वर्षभर निभावलं, मग एक दिवस मामा ओळखीच्याच फाट्यावर तासभर उभे राहिले आणि त्यांनी आपणहून नोकरी सोडली.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या सोप्यात पंखा घरघरत होता आणि बरोबर त्याच्याखाली मामा बसले होते, उघड्या डोक्यानं, निवांत. मामी चहा टाकायला आत गेल्या. मामांनी माझ्याकडे तोंडभर हसून पाहिलं.

"या की पावणं. कुठलं म्हनायचं तुमी?"

"डेअरीतला, मामा. विंजनेर."

"असं व्हय. बसा की, भिऊ नगा," म्हणत त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

मी त्यांच्याशेजारी पंख्याखाली बसलो, आणि चहा येईपर्यंत माझं सगळं लक्ष वरच होतं.