काळ्या गाडीवरचे पांढरे ठिपके

ऊन अंगणात उतरायच्या आत हिम्मतरावांनी गाडी भिंतीच्या सावलीत घेतली. हैदराबादेत, कुकटपल्लीत, त्यांच्या घरी बोअरचं पाणी. काळी गाडी धुतली की वाळता वाळता अंगभर पांढरे ठिपके उठायचे. "अण्णा, तिला देवी आल्यात," असं मुलगा हर्षवर्धन चिडवायचा. आज मात्र त्याने बजावलंच होतं, "एक जरी ठिपका दिसला ना, तर योगिनी भाड्याच्या गाडीतून जाणार. ड्रायव्हर कोपऱ्यावर उभाच आहे."

योगिनी म्हणजे त्याची लेक, आजची नवरी. तिचा हट्ट एकच, कार्यालयात जायचं ते आजोबांच्याच गाडीतून.

हिम्मतरावांच्या अंगात वारं शिरलं! आधी टप धुतला, लगेच पुसला. मग काचा, मग दारं. एका वेळी एकच भाग घ्यायचा, पाण्याला वाळायला उसंतच द्यायची नाही. शेवटचा हात एसीच्या नळीखाली बादलीत साठवलेल्या पाण्याचा, त्यात क्षार नसतात म्हणून. वरून मऊ पंच्याने टिपून घेतलं. गाडी कशी लखलखली!

तेवढ्यात त्यांच्या पत्नी इंदुताई तांब्या घेऊन आल्या. शुभकार्याला निघताना चाकांवर पाणी घालायचं, ही घरची रीत. पण नात निघाली या आनंदात हात वर गेला आणि बोअरच्या पाण्याचा अख्खा तांब्या बॉनेटवर!

"अगं अगं, काय केलंस हे!"

"शकुनाचं पाणी आहे. कायकू ओरडता?"

ऊन बॉनेटला भिडलंच होतं. पंचा तर पार भिजलेला. हिम्मतरावांनी खुर्चीवरचं उपरणं ओढलं आणि टिपायला लागले.

"अहो, ते व्याह्यांनी आहेरात दिलंय!"

"व्याह्यांना सांग, कामी आलं!"

हर्षवर्धन बाहेर आला. वाकून, डोळे बारीक करून गाडीभोवती फिरला. हिम्मतराव ओलं उपरणं घेऊन त्याच्या मागोमाग. मागून योगिनी आली, चालता चालता दारापाशी वाकली आणि काळ्या पत्र्यात बघून तिने मुंडावळ्या नीट केल्या.

हर्षवर्धनने फोन लावला. "भाई, आप जाव. गाडी घर कीच है."

हिम्मतराव किल्ली आणायला आत धावले. सत्तरीनंतर त्यांना धावताना कोणी पाहिलंच नव्हतं.