आईचा वेल आणि तिसरा पिंजरा

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी आज मी कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात काम करते. काचेची भांडी धुवायची आणि प्रयोगाच्या पांढऱ्या उंदरांचे पिंजरे साफ करायचे. इथली माणसं मला कधी तोडून बोलली नाहीत, हे मी विसरणार नाही. नवरा इचलकरंजीत मागावर असतो. आई मात्र तिकडं वाशिमकडच्या गावात. जायचं म्हटलं तर एक दिवस नि एक रात्र मोडते.

आईला साखरेचा आजार. दवाखान्यातली गोळी ती घ्यायची, पण तिचा खरा भरवसा कडूवेलावर. कुंपणावरच्या त्या वेलाचा पाला उकळून रोज पाणी प्यायची. एकदा डबा खाताना मी हे सहज बोलले, तर पीएचडी करणाऱ्या मॅडमचा घास हातातच राहिला.

"मावशी, मला आणून द्याल? तपासू या आपण."

'आपण' म्हणाल्या. मला दिवसभर तेच आठवत राहिलं.

दिवाळीला गेले तेव्हा पोतंभर पाला आणला. मॅडमनी तो सावलीत वाळवला, दळला, स्पिरिटमध्ये भिजवून त्याचा अर्क काढला. काकवीसारखा दाट, काळपट. मग सुई देऊन उंदरांना साखर केली आणि त्यांचे चार पिंजरे केले. कुठल्या पिंजऱ्याला काय पाजायचं ते मॅडमच्या वहीत होतं. मी विचारलं नाही. आपल्या वेलाची परीक्षा चाललीय, एवढंच मला पुरे होतं.

साखर झालेला उंदीर पाणी फार पितो. पिंजऱ्यात खाली अंथरलेलं भाताचं तूस एका दिवसात चिंब होतं, वास सुटतो. मी रोज टोपलीभर फेकायची. पण दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या पिंजऱ्यातलं तूस कोरडं राहायला लागलं. पाण्याची बाटलीही अर्धी उरायची. उंदीर कसे तुकतुकीत! मी तिथंच थांबून बघत राहिले.

आमचे जुने शिपाईमामा दारातून डोकावले. "काय वो पावणं, औषध लागू पडलं की तुमचं! म्हातारीला फोन करा, खूश हुईल."

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. आईला पिंजरा दाखवला.

"म्या काय सांगत होती?" आई एवढंच म्हणाली.

महिन्याभरानं मॅडमचे आकडे जुळवून झाले. मी चहा घेऊन गेले, तर त्या वही मिटून बसल्या होत्या.

"आपला तिसरा पिंजरा चांगला झाला ना, मॅडम?"

"तिसऱ्याला नेहमीची गोळी देत होतो, मावशी. तुलनेसाठी. वेलाचा अर्क दुसऱ्याला." मग हळू म्हणाल्या, "काही फरक पडला नाही."

दुसरा पिंजरा. त्याचंच तूस मी रोज पिळून निघेल इतकं ओलं फेकत होते. टेबलावर त्या गोळ्यांची पट्टी होती. नाव वाचलं. आई घेते तीच.

मॅडमची एवढी मेहनत गेली होती, पण त्यांनी आधी मलाच विचारलं, "आईंना काही बोलला नाहीत ना?"

मी फोन लावला.

"गोळी? ते तं तवाच बंद केली," आई म्हणाली. "तूच दाखवले ना उंदरं."

"माय, ते उंदीर गोळीनं बरे झाले. वेलानं नाही."

"आता काहून पलटते? कोनी शिकवलं तुले?"

मॅडमनी फोन घेतला, दहा मिनिटं समजावलं. आई "हो बाई, हो बाई" करत राहिली. फोन माझ्याकडं आला तशी म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पन तिले वेल काय ठाऊक?"

आठ दिवस मी रोज सांगत राहिले. भावजय म्हणाली, पायाचं बोट काळं दिसतंय, चटका बसला तरी कळत नाही त्यांना. दवाखान्यात चला म्हटलं की पदर ओढून झोपतात. इकडं मी भांडी धुताना दोन फोडली. कुणी रागावलं नाही. त्याचंच रडू आलं.

शेवटी मी खोटं बोलले. "माय, मोठ्या सरांनी सांगितलंय, वेल अंगी लागायचा तर गोळी सोबत पाहिजे. आणि आधी दवाखान्यात रक्त तपासायचं."

"मंग हे आधी नाही का सांगायचं?" आई लगेच कबूल झाली. भावजयीनं दुसऱ्याच दिवशी नेलं. गोळी परत सुरू झाली, बोटाला रोज पट्टी होते. डॉक्टर म्हणाले, बघू.

काल फोनवर आई खुशीत होती. "गल्लीतल्या दोघीजनी वेल घेऊन गेल्या. म्या सांगतलं, माह्या पोरीच्या कॉलेजात तपासेल हाय."

"गोळीबरोबर घ्यायला सांगितलंस ना?"

"त्याहीचं त्याह्यले ठाऊक," आई म्हणाली.

मी त्या दोघींची नावं विचारली. एक माझ्याच वर्गातली निघाली. तिचा नंबर माझ्याकडं नाही.