एकाच एकादशीचे दोन गुरुवार

“बावन्न,” मी मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचला.

बोटाला टोचून रक्तातली साखर मोजतात, तो हा आकडा. सत्तरच्या खाली गेला की आम्ही त्याला ‘हायपो’ म्हणतो. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो आणि मग शुद्ध जाते. पंचाहत्तरीच्या पुढची बाई असेल तर ती परत येईलच याची खात्री कुणी देत नाही.

समोर पलंगावर आजी बसल्या होत्या. कपाळ घामानं ओलं, ओठ कोरडे ठक्क. माझ्या हातातला साखरपाण्याचा ग्लास त्यांनी बाजूला सारला.

“एकादशी हाये पोरी. निर्जळी.”

“ती काल झाली, आजी.”

“काल गुरुवार होता. आज कोन्ता वार हाये?”

“गुरुवार.”

“मंग?”

त्यांचं चूक नव्हतं. आजही खरंच गुरुवार होता.

हे घडलं पॅसिफिक महासागराच्या मधोमध, दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. मी एका रेसिडेन्शियल जहाजावर नर्स होते. हे सहलीचं जहाज नव्हे. यातले फ्लॅट लोक विकत घेतात आणि बारा महिने तिथेच राहतात. घर तेच, खिडकीबाहेरचा देश बदलतो. आजींच्या मुलानं असा फ्लॅट घेतला होता. घराणं वर्ध्याचं, कापसाच्या व्यापारातलं. मी तिथल्याच आंजी मोठी गावची, नर्सिंग शिकले सेवाग्रामला. त्यामुळे या फ्लॅटमधून फोन आला की डॉक्टर मलाच पाठवत.

आदल्या मध्यरात्री जहाजानं आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली होती. पूर्वेकडे जाताना ही रेषा ओलांडली की तोच वार, तीच तारीख पुन्हा एकदा मोजतात. कॅप्टननं स्पीकरवरून इंग्रजीत जाहीर केलं, वरच्या डेकवर शॅम्पेन फुटली. आजींना कुणी काही सांगितलं नाही. सकाळी त्यांनी टीव्हीवर तारीख पाहिली. कालचीच. भिंतीवरच्या पंचांगात त्या तारखेला निर्जळा एकादशी. झालं! एक अख्खा दिवस पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आता दुसरा सुरू झाला. साखर कमी करणारी गोळी मात्र दोन्ही सकाळी कोरडीच गिळली. गोळीनं उपास मोडत नाही म्हणे! पोटात अन्न नाही आणि गोळी आपलं काम करतेय.

मी पलंगाशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाकडे वळले. “तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

“डेटलाइनचं? आईला काय समजावणार? तिच्या डोक्यावरून जातं ते.”

“एक वाक्य होतं. तेही नाही सांगता आलं?”

“सिस्टर, आवाज खाली. हे माझं घर आहे.”

मी क्लिनिकला फोन लावला. डॉक्टर परदेशी, सज्जन, पण नियमाला पक्के.

“ग्लुकोजचं सलाईन लावू का?”

“बोलतेय? प्रश्न समजतो?”

“माझ्यापेक्षा चांगला समजतो.”

“आणि नाही म्हणतेय. मग हात लावता येणार नाही. शुद्धीतल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध सुई टोचणं हा गुन्हा आहे.”

“आणि शुद्ध गेली तर?”

“मग लाव. मी सामान घेऊन निघतोच.”

म्हणजे म्हातारी बाई कोसळायची वाट बघत उभं राहायचं! हॉस्पिटल असलेलं बेट दोन दिवस लांब, हेलिकॉप्टर इथवर पोचत नाही.

मी कॉलेजात असताना अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिली, वाटली. आंजीच्या बाजारात स्टुलावर उभी राहून भाषणं ठोकली. वाररेषा समजावणं राहिलं बाजूला, मी तेच हत्यार काढलं. “आजी, तुमच्या किडन्या वाळवून देवाला काय मिळणार आहे? ज्या देवाला बाईचा जीव...”

“तू देव मानत नाईस, नको मानू,” त्या म्हणाल्या. आवाज चिरकत होता. “मले काऊन शिकवून राह्यली?” आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

पुन्हा टोचलं. सेहेचाळीस. आता शब्द अडखळायला लागले होते.

सून इतका वेळ दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, “पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या छापलेल्या असल्या की आई कधीच स्वतः ठरवत नाहीत. वर्ध्याला धाकट्या काकूंना, म्हणजे त्यांच्या जावेला विचारतात. जे त्या घरात, तेच इथे. या वेळी चार दिवस फोनच लागला नाही.”

“मग आत्ता लावा!”

मुलगा म्हणाला, “सॅटेलाइट फोन आहे, सिग्नल...”

“लावा म्हणते ना!”

पहिल्यांदा नुसती खरखर. दुसऱ्यांदा रिंग गेली आणि तुटला. आजींचा हात माझ्या हातात बर्फासारखा गार. आमच्याकडे दुपारचे दोन, म्हणजे वर्ध्यात नुकतं उजाडलेलं. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. मी स्पीकर चालू करून फोन आजींच्या कानाशी धरला.

“कोन? जाऊबाई? आवाज काऊन असा येऊन राह्यला?”

“आज... कोन्ती तिथी हाये वो?”

“दुवादशी. पारणं केलं अन् चहा घेऊन राह्यली मी. काऊन?”

“इथं एकादशीच हाये अजून.”

पलीकडे कप आपटल्याचा आवाज आला. मग धाकट्या जाऊबाई कडाडल्या. “जहाजावर अल्लग एकादशी लागते का? आपल्या घरची एकादशी वर्ध्याले ठरते का त्या जहाजवाल्याच्या घड्याळावर? का दोघींचं पुण्य एकटीनंच कमवाचं हाये? गुपचाप पाणी प्या!”

आजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं.

“दे वो ते पाणी,” त्या म्हणाल्या. “अन् साखर कमी टाकजो. मले शुगर हाये.”

मी चार चमचे टाकली. डॉक्टर पोचले तोवर आकडा चढायला लागला होता. आता आजींनीच सलाईनला हात पुढे केला. गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा घसरते, म्हणून दुसऱ्या सकाळपर्यंत मी तिथून हलले नाही. आजी वाचल्या.

पुढे माझी तक्रार झाली. मॅनेजरनं बोलावलं.

“तू फ्लॅटमालकावर ओरडलीस?”

“ओरडले. पण वाररेषेची सूचना प्रत्येक घराच्या भाषेत द्या, असंही माझं म्हणणं आहे. तेही लिहून घ्या.”

“इथे सगळ्यांना इंग्रजी येतं.”

“सगळ्यांना नाही. मालकांना येतं. त्यांच्या म्हाताऱ्या आया पण इथंच राहतात.”

मला लेखी वॉर्निंग मिळाली. सूचना इंग्रजीतच राहिली. पुढच्या खेपेला वाररेषेच्या आदल्या संध्याकाळी मीच आजींकडे गेले आणि म्हणाले, “उद्याचा दिवस दोनदा येणार आहे.” त्यांना समजायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

लोकांना काही समजत नाही, असं म्हणणारा कुणी भेटला की मी आता एवढंच विचारते: तुम्ही सांगितलं होतं का? बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं.