कर्णिक मॅडमचे चार साक्षीदार

अलिबागच्या एसटी स्टँडवर एका बाईंनी मला विचारलं, "समुद्राच्या संशोधनाचं ऑफिस कुठं आहे हो?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पानवाल्यालाही तेच विचारलं, मग एका कंडक्टरला. मला रागच आला. थोड्या वेळाने मी त्याच ऑफिसात मुलाखतीला शिरले, तर समोर खुर्चीत त्याच बाई. "उत्तर बरोबर होतं तुझं," कर्णिक मॅडम म्हणाल्या, "पण तुला ठाऊक होतं, की ठोकून दिलंस?"

त्यांचा कोणावरच विश्वास नसे. स्वतःच्या डब्यातली भाजीही हुंगल्याशिवाय खायच्या नाहीत. कुणी कौतुक केलं की तो गेल्यावर विचारायच्या, "ह्याला काय हवंय?" 'सापडलं' हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "सापडल्यासारखं वाटतंय, असं म्हण."

आमचं कामही त्यांच्या स्वभावाला साजेसं होतं. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात आम्ही पाण्याचा खारटपणा आणि ऊब नोंदवणाऱ्या पेट्या दोरांना लटकत्या सोडल्या होत्या. पेटी नक्की कुठे आहे हे कळल्याशिवाय तिच्या नोंदीला अर्थ नाही. मोबाइलला जागा सांगणारे उपग्रह पाण्याखाली निरुपयोगी. तिथे चालतो तो आवाज. म्हणून चार पेट्या तळाशी पक्क्या बसवून त्यांच्या जागा आधीच लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा आवाज यायला किती वेळ लागला, यावरून बाकीच्यांच्या जागा काढायच्या. मॅडम या चौघांना साक्षीदार म्हणत.

"एकाचं ऐकलंस तर पेटी त्याच्याभोवती कुठेही असू शकते. दुसऱ्याचं ऐकलंस की दोनच जागा उरतात. तिसरा त्यातली एक ठरवतो."

"मग चौथा कशाला?"

"तिघांतला खोटारडा ओळखायला."

पावसाळ्याआधी साक्षीदार वर काढून त्यांच्या बॅटऱ्या बदलल्या आणि नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा सोडले. त्याच दिवसांत कोळ्यांच्या होड्या समुद्रात गेल्या. आणि आमच्या पेट्या पडद्यावर भलतीकडेच दिसू लागल्या, एक तर चक्क खडकात शिरलेली. कुठला तरी साक्षीदार खोटं बोलत होता. उत्तरेचा साक्षीदार धर्मा नाखव्याच्या डोलीला लागून होता. डोल म्हणजे प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेलं जाळं. ती पेटी नाखव्याला खुपत होती आणि तसं त्याने चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. मॅडमच्याही वरच्या आमच्या साहेबांनी लगेच तक्रार तयार केली. ती गेली असती तर ऐन हंगामात नाखव्याच्या होडीचा परवाना अडकला असता, आणि त्याचं घर त्या होडीवर चालत होतं.

मॅडम मला घेऊन त्याच्या दारात उभ्या राहिल्या. "नाखवा, आमची पेटी हलवलीत?"

"वाटंत हाय ती, ते खरं. पन हात नाय लावला," नाखवा म्हणाला. "आता तुमी खरं सांगा मॅडम. हितं नवं बंदर होनार, आमची जागा जानार, असं समदे म्हनतात. ही मोजनी त्यासाठीच चाललीय ना?"

"नाही."

"मंग मीबी नाय."

परतताना मॅडम पुटपुटल्या, "माणूस काहीतरी लपवतोय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण साहेबांना चोर फारच पटकन मिळाला. तेही मला आवडलेलं नाही."

ऑफिसात त्यांनी मला एकेका साक्षीदाराला वगळून गणित करायला लावलं. उत्तरेचा वगळला, तरी उरलेले तिघे भांडतच राहिले. दक्षिणेचा वगळला आणि तिघांचं एकदम जमलं. सगळ्या पेट्या जागच्या जागी आल्या. दक्षिणेचा साक्षीदार मॅडमनी स्वतः सोडला होता.

त्यांनी त्या दिवसाची नोंदवही काढून पुढ्यात घेतली. पेटी सोडली की तिच्याभोवती होडीची फेरी मारायची, चारी बाजूंनी आवाज घेऊन जागा तपासायची, हा त्यांचाच नियम. आम्हाला उलट्या होत असल्या तरी तो सुटत नसे.

"त्या दिवशी मी फेरी मारली नाही," त्या म्हणाल्या. "नाखव्याची होडी उत्तरेला घुटमळत होती. मी दुर्बीण लावून तिच्याकडेच बघत बसले. दोर सोडेस्तोवर ओहोटीने आपली होडी सरकली, आणि मी जागा लिहिली ती आधीची."

साहेबांनी सुचवलं की तक्रार राहू दे, पण अहवालात 'अज्ञात इसमांनी पेटी हलवली' एवढं लिहा. मॅडमनी स्वतःचं नाव लिहिलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की तो लपवताना माझी पंचाईत झाली.

नाखव्याला सांगायला गेलो, तर त्याचा विश्वास बसेना. "आता ह्ये नवीन काय काढलंत?" मग त्याच्याच होडीतून आम्ही दक्षिणेला गेलो. पेटी लिहिलेल्या जागेपासून बरीच आत, खोल पाण्यात निघाली. चिखलाने माखलेल्या पेटीकडे बघत त्याने विचारलं, "साहेबाला कळलं ह्ये?"

"मीच कळवलं."

"मंग तुमची नोकरी?"

"बघू."

नाखव्याने इंजिन बंद केलं. "माला वाटलं व्हतं, तुमी आमाला बुडवाला आल्याव."

"मलाही तुमच्याबद्दल असंच काहीतरी वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं."

"माला पन," नाखवा म्हणाला, आणि दोघंही हसली.

मॅडमचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि त्या पुण्याला निघून गेल्या. नाखव्याची होडी सुरू आहे. थळच्या किनाऱ्यावर भेटला की तो विचारतो, "त्या मॅडम बऱ्या हायत ना?" मी म्हणते, बऱ्या आहेत. त्याला ते पटत नाही. तो मला तिथेच फोन लावायला लावतो आणि मॅडमचा आवाज स्वतः ऐकल्यावरच जाळ्याकडे वळतो.