बॉनेटखालचा डबा

आमच्या गाडीला वास होता. कुणी तसं म्हटलं की मला राग यायचा, पण होता.

मी गिरणीत विव्हिंग मास्तर. आमच्या खात्यातल्या एका साहेबानं सोलापूर सोडताना ती जुनी काळी गाडी माझ्या गळ्यात मारली. बायको म्हणाली, "माग चालवणारा माणूस मोटार काय चालवणार?" झालं! इरेला पेटून मी ती घेतलीच. बायको तिच्यात जेमतेम वर्षभर बसली, आणि मग आजारपणात गेली. एकुलत्या एका मुलीचं लग्न तिच्या डोळ्यांदेखत मंद्रूपला झालं होतं, तेवढंच एक समाधान.

त्यानंतर घरात मी एकटा. बायकोची खोली मी जशीच्या तशी ठेवली. दांडीवर तिचं लुगडं, फळीवर औषधाच्या बाटल्या, पलंगाखाली तिच्या चपला. मी तिथं झाडायलासुद्धा जात नव्हतो. व्हरांड्यात झोपायचो, चुलीवर भात टाकायचो, आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात गाडीचं बॉनेट उघडून बसायचो. शेजारी म्हणायचे, मास्तरांना लई नाद लागलाय गाडीचा. नाद कसला? घरात बसवत नव्हतं, दुसरं काय!

आता त्या वासाचं. इंजिन म्हातारं, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. जळक्या तेलाचा धूर इंजिनाच्या पोटात साठायचा आणि वरच्या झाकणावरच्या रबरी नळीतून बाहेर यायचा. ती नळी एअर फिल्टरला जोडलेली. फिल्टर तेलानं चिंब व्हायचा आणि वास थेट आत बसलेल्याच्या नाकात. मला सवय झाली होती. दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. परत सोडायला निघालो तर वाटेत तिला दोनदा उलटी झाली. मंद्रूपला उतरली ती पांढरीफटक.

विहीणबाई दारातच उभ्या. "मास्तर, पहिलं बाळंतपण म्हायेरीच व्हाया पायजे, आमी न्हाय म्हणत न्हाय. पण ह्या गाडीतनं न्हाय पाठवायची. पोरगी अर्धी झाली की हो!"

एस्टीचे हादरे तर नकोतच. मग त्यांनीच सुचवलं, भाड्याची टॅक्सी आणा. मी असा भडकलो! माझ्या दारात गाडी उभी असताना माझ्या मुलीला भाड्याच्या गाडीतून आणू? मी म्हटलं, "सातव्या महिन्यात येतो. वास आला तर नाव बदलून ठेवा माझं." आणि मुलीकडे वळून सांगितलं, "तुझ्या अव्वाची खोली जशीच्या तशी ठेवलीय बघ. काडी हलवली नाही. तिथंच राहा, नर्सबाईलाही सांगून ठेवलंय."

ती नुसती मान हलवून आत गेली. मला वाटलं, थकली असेल.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री होता. त्यानं झाकणावरची नळी काढून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. रिंगा बदलायच्या म्हणजे सगळं इंजिन उघडायचं, आणि या इंजिनाचे भाग कुठं मिळणार? तो म्हणाला, मधे एक डबा बसवा. धूर एका नळीनं डब्यात जाईल, गार होईल, तेल तळाशी बसेल आणि उरलेली हवा दुसऱ्या नळीनं फिल्टरकडे जाईल. डबा भरला की रिकामा करायचा. एवढंच. डब्यात काहीतरी भरा म्हणजे तेल अडकेल, असं मात्र तो जाता जाता बोलला. काय भरायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी कशाला विचारू? मास्तर ना मी!

घरात वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा होता. बायको त्यात तीळ ठेवायची. त्याला वर दोन भोकं पाडून तांब्याच्या नळ्या कथलानं झाळल्या, तळाला छोटी तोटी बसवली आणि पत्र्याच्या पट्टीनं तो बॅटरीशेजारी आवळला. आणि आत भरलं सूत. मागावर धागे तुटतात, त्यांचे गुंते आमच्या खात्यात पोत्यानं पडलेले असतात. सोलापुरात सगळ्याला सूतच. हात पुसायला सूत, गळका नळ बांधायला सूत, जखमेवर सूत. माझ्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. चांगलं दाबून दाबून भरलं.

आठ दिवस गाडी गावात फिरवली. वास नाही! काच लावून बसलो तरी नाही. तोटी उघडली तर चमचाभर काळं तेल निघालं. मला इतका आनंद झाला की मी अंगणात एकटाच म्हणालो, "बघ, चालवतोय की नाही मोटार?" आणि मग कुणी ऐकलं नाही ना म्हणून कुंपणाकडे बघितलं.

सातवा लागला. थंडीचे दिवस. सकाळी मागच्या सीटवर धुतलेली चादर घातली, उशी ठेवली आणि निघालो. अर्धी वाट गाडी झकास. पुढं इंजिन जड वाटायला लागलं. मंद्रूपच्या वेशीत शिरलो आणि बॉनेटच्या फटीतून धूर आला. व्याह्यांच्या दारात थांबेपर्यंत समोरचं काही दिसेना. बॉनेट उघडलं तर तेल मोजायची पट्टी आपल्या जागेतून उडून बाहेर लोंबकळत होती, त्या भोकातून तेल उडून गरम पाइपावर पडत होतं आणि चुर्र चुर्र जळत होतं. अर्धी गल्ली गोळा झाली.

ओसरीवर मुलीची पेटी तयार होती. ओटीही भरून झाली होती. विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मुलगी पुढं आली, धुराकडे बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, राहू द्या आता." आणि पेटी स्वतःच उचलून आत घेऊन गेली. सातव्या महिन्यातली बाई! विहीणबाई ओरडतच तिच्या मागं धावल्या.

तेल ओतून, दर दोन मैलांवर थांबत मी परत आलो. मागच्या सीटवरची उशी तशीच. रडलो मी वाटेत, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी डबा सोडवला. एका नळीत तोंड लावून फुंकलं. हवा जाईना. गाल दुखेपर्यंत फुंकलं, नाहीच. डबा तसाच घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्यानं पत्रा कापला आणि आतून बोळा ओढून काढला. थंडीत धुरातल्या वाफेचं पाणी झालेलं, ते आणि तेल पिऊन सूत फुगलं होतं. सायीसारखा पांढुरका चिकटा, आणि बोळा बुचासारखा घट्ट. धुराला वाट नाही, म्हणून त्यानं पट्टी उडवून बाहेरचा रस्ता धरला.

"सूत कायकू भरे जी, मास्तर?" मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला.

लेथवर पितळ कातताना जो कीस पडतो, तो त्यानं आणून दिला. तो तेल पीत नाही, नुसतं अडवतो. डबा नव्यानं झाळला, कीस सैल भरला, आत येणारी नळी डब्याच्या निम्म्यापर्यंत खाली उतरवली. फुंकून बघितलं, हवा खेळत होती. महिनाभर चालवली. वास नाही, धूर नाही, पट्टी जागच्या जागी. थंडी असेपर्यंत दर रविवारी तोटी उघडून पाणी काढायचं, एवढंच काम.

मंद्रूपला निरोप धाडला, गाडी एकदम ठीक झालीय. उलट निरोप आला, आठवा लागलाय, आठव्यात बाई हलवत नाहीत. खरंच होतं ते. मग नववा. मग कळलं, नात झाली, दोघी सुखरूप.

बारशाला गेलो. जेवणं उरकल्यावर मुलगी आणि मी ओसरीवर बसलो. पोर तिच्या मांडीवर. मी आपलं गाडीचंच लावलं होतं. सूत कसं फुगलं, कीस कसा भरला, थोडं आधी सुचलं असतं तर. तिनं मला मधेच थांबवलं.

"अप्पा, गाडीचं नव्हतं ते."

"मग?"

"त्या खोलीत मला बाळंतपण काढवलं नसतं. अव्वाच्या बाटल्या, अव्वाचं लुगडं. तुम्ही इतक्या हौसेनं सांगितलंत, नाही कसं म्हणू? धूर दिसला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं बघा." आणि ती रडायला लागली. "मला माफ करा."

मी काय माफ करणार? चार महिने मी तो डबा भरत होतो, झाळत होतो, फुंकत होतो. खोलीचं दार एकदा उघडून दोन बाटल्या फेकल्या असत्या तर मुलगी आली असती. मला ते सुचलं नाही. राग आला, स्वतःचाच. पण त्या तान्ह्या पोरीसमोर रागावणार तरी कुणावर? मी नुसता पोरीच्या इवल्या पायाचा अंगठा धरून बसलो.

डोळे पुसून मुलगीच म्हणाली, "चला, बसवा की आम्हाला तुमच्या गाडीत. वेशीपर्यंत एक चक्कर मारून येऊ."

विहीणबाईंनी पोरीला दुपट्यात गुंडाळून दिलं, डोक्याला टोपडं घातलं. मायलेकी मागं बसल्या. गाडी सावकाश गल्लीतून काढली. बाजाराची मोकळी जागा गेली, शेवटची घरं गेली. आरशात बघितलं तर मुलगी खोल श्वास घेऊन वास शोधत होती.

"नाही हो अप्पा. खरंच काही वास नाही."

समोर सोलापूरचा रस्ता होता, सरळ, मोकळा. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं होतं. मी पाय थोडा दाबला. क्षणभर वाटलं, असंच जावं.

"अप्पा," मागून मुलगी हळूच म्हणाली, "वळवा आता."

मी गाडी वळवली.